लालतोंडी माकडं आणि पोलिओची लस

प्राण्यांवरच्या प्रयोगांचा विषय निघाला की पोलिओचं नाव हटकून पुढे येतं. माकडं नसती तर पोलिओची लस झाली नसती, आणि लस झाली नसती तर आजही गावोगाव कुबड्या घेतलेली, पायात कॅलिपर चढवलेली मुलं दिसली असती, हे वाक्य इतक्या वेळा बोललं गेलंय की त्यापुढे वाद घालायला कुणी धजत नाही. वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. पोलिओवरच्या संशोधनाची पहिली चाळीस वर्षं माकडांच्या जिवावर गेली हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की पुढची चाळीस वर्षं माकडांवाचून हे काम कसं भागेल याच्या शोधात गेली. या दुसऱ्या अर्ध्या भागाचा इतिहास फारसा कुणी सांगत नाही. आपण तरी तो सांगायला हवा, कारण ती माकडं बहुतांशी भारतातून गेली आणि त्यांची निर्यात बंद केली तीही भारत सरकारनेच. हा इतिहास नीट वाचला की एक गोष्ट ठसठशीत दिसते. प्राण्यांना पर्याय आपोआप उगवत नाहीत. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनी जिथे ते मागितले आणि त्यासाठी पैसा वेगळा काढला तिथे ते झाले. जिथे कुणी मागितले नाहीत, तिथे ज्ञान हाताशी असूनही वर्षंच्या वर्षं वाया गेली.

सुरुवात १९०८ साली व्हिएन्नात झाली. कार्ल लँडस्टायनर आणि एर्विन पॉपर यांनी पोलिओने दगावलेल्या एका मुलाच्या मज्जारज्जूतला अंश दोन माकडांना टोचला आणि आजार एका जिवातून दुसऱ्यात नेता येतो हे दाखवलं. पोलिओ जंतूंमुळे होत नाही, त्याहून कितीतरी सूक्ष्म अशा विषाणूमुळे होतो, हे कळायला त्यामुळे वाट मिळाली. हे श्रेय माकडांवरच्या प्रयोगांना द्यायलाच हवं. पण पुढे जे झालं तेही त्याच हिशेबात मांडावं लागतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये सायमन फ्लेक्सनर यांनी हा विषाणू एका माकडाच्या मेंदूतून दुसऱ्याच्या मेंदूत, असा वर्षानुवर्षं फिरवला. ज्या लालतोंड्या ऱ्हीसस माकडांवर हे चाललं होतं त्यांना तोंडावाटे पोलिओ सहसा होत नाही. शिवाय सतत मेंदूत वाढवल्यामुळे तो विषाणूही मज्जापेशींचाच होऊन बसला. यातून निष्कर्ष निघाला की पोलिओ नाकावाटे शिरतो, थेट मेंदूकडे जातो आणि मज्जापेशींखेरीज कुठेच वाढत नाही. माणसात तो तोंडावाटे शिरून आतड्यात वाढतो, हे समजायला त्यामुळे पुढची दोन-तीन दशकं गेली. चूक कागदावरच राहिली असती तर एक वेळ ठीक होतं. १९३७ साली टोरंटोत सुमारे पाच हजार मुलांच्या नाकात झिंक सल्फेटचा फवारा मारण्यात आला, विषाणूची वाट बंद व्हावी म्हणून. पोलिओ काही थांबला नाही, काही मुलांची वास घेण्याची शक्ती मात्र कायमची गेली. तोंडावाटे द्यायची लस करणारे अल्बर्ट सेबिन यांनी १९८४ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं होतं की माकडांवरून बांधलेल्या चुकीच्या कल्पनेमुळे पोलिओप्रतिबंधाचं काम दीर्घकाळ रखडलं. याच सेबिन यांनी पुढे हेही स्पष्ट केलं की प्राण्यांवाचून आपली लस झाली नसती. त्यांची दोन्ही विधानं एकत्र घेतली तरच हा इतिहास प्रामाणिकपणे वाचता येतो. कोणत्याही बाजूने त्यातलं एकच उचलणं बरोबर नाही.

विषाणूचे प्रकार किती, हे लस करण्याआधी कळणं गरजेचं होतं. अमेरिकेत १९४८ ते १९५१ या काळात त्यासाठी मोठी मोहीम झाली. पैसा होता पोलिओविरुद्ध काम करणाऱ्या नॅशनल फाउंडेशनचा, म्हणजे शब्दशः लोकवर्गणीचा, कारण लोकांनी दहा-दहा सेंटची नाणी पाठवून तो उभा केला होता. एका नमुन्याने आजारी पाडून बऱ्या झालेल्या माकडाला दुसरा नमुना टोचायचा आणि ते पुन्हा आजारी पडतं का ते पाहायचं, अशी पद्धत होती. सतरा हजारांहून अधिक माकडं खर्ची पडली आणि उत्तर आलं, प्रकार तीन. दुःखाची गोष्ट अशी की ही मोहीम चालू असतानाच, १९४९ साली, बॉस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात जॉन एंडर्स, थॉमस वेलर आणि फ्रेडरिक रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू काचेच्या नळीत वाढवून दाखवला, आणि तोही मज्जापेशींत नव्हे, तर मानवी गर्भाच्या त्वचेच्या व स्नायूंच्या पेशींत. १९५४ चं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं. ज्या तपासणीला एक माकड आणि कित्येक आठवडे लागत, ती आता चार-आठ दिवसांत नळीत होऊ लागली. पेशी फुगल्या, गोल झाल्या, काचेवरून सुटल्या की विषाणू आहे, नाहीतर नाही. प्राण्यांना पर्याय म्हणजे कामाचा दर्जा घसरणार, असं मानणाऱ्यांनी हा टप्पा जरूर लक्षात घ्यावा. पोलिओच्या संशोधनात सगळ्यात मोठी उडी मारली गेली ती माकड बाजूला ठेवल्यावरच.

पण माकड पुरतं बाजूला झालं नाही. जोनास साल्क यांच्या मारलेल्या विषाणूच्या लसीसाठी आधी तो विषाणू भरपूर वाढवायचा होता आणि त्यासाठी सर्वांत सोयीच्या ठरल्या माकडाच्या किडनीतल्या पेशी. किडनी काढून तिचे बारीक तुकडे करायचे, ट्रिप्सिनने पेशी सुट्या करायच्या, पोषक द्रावण भरलेल्या बाटल्यांत त्या वाढवायच्या आणि त्यांवर विषाणू सोडायचा. या पेशी थोडे दिवसच टिकत, म्हणून दर खेपेला नव्या किडन्या, म्हणजेच नवी माकडं. मागणी एकदम हजारांवरून लाखांवर गेली आणि ती पुरवली उत्तर भारताने. उत्तर प्रदेशातल्या गावांच्या, देवळांच्या, रेल्वे स्टेशनांच्या आसपास राहणारी लालतोंडी माकडं दाणे टाकून जाळ्यात पकडली जात. बांबूच्या पिंजऱ्यांत दाटीवाटीने कोंबून ती दिल्लीला व्यापाऱ्यांकडे येत आणि तिथून विमानाने लंडनमार्गे न्यूयॉर्कला जात. लहान वयाची माकडं वाहतुकीला हलकी आणि कामाला सोयीची, म्हणून त्यांनाच अधिक मागणी. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी चार्ल्स साउथविक यांच्याबरोबर १९५९-६० मध्ये उत्तर भारतातल्या माकडांची पाहणी केली, तेव्हा गावांतल्या टोळ्यांत पोरवयाची माकडं फार कमी उरल्याचं त्यांना आढळलं. ज्या टोळीत पिल्लं आहेत आणि म्हातारी माकडं आहेत पण मधली पिढीच नाही, ती टोळी पुढे टिकायची कशी? मारुतीच्या देशातून हा व्यापार चालला होता आणि त्याविरुद्ध इथे आवाज उठत होता. त्या विरोधाला भाबड्या श्रद्धेचा म्हणून हिणवणाऱ्यांनी ही पाहणी वाचायला हवी होती.

१९५५ च्या जानेवारीत लंडनच्या विमानतळावर एका मोटारीत भरून ठेवलेली जवळपास चारशे माकडं गुदमरून मेली. बातमी भारतात पोचली आणि मार्चमध्ये सरकारने निर्यात थांबवली. साल्क यांच्या लसीचा निकाल जाहीर व्हायला, म्हणजे १२ एप्रिलला, जेमतेम महिना उरला होता. अमेरिकेतून विनवण्या झाल्या आणि निर्यात पुन्हा सुरू झाली, पण एका अटीवर. माकडं फक्त वैद्यकीय संशोधनासाठी आणि लस बनवण्यासाठी वापरली जातील, त्यांची नेआण आणि देखभाल नीट होईल. प्राणी हा निव्वळ विकाऊ माल नाही, तो कशासाठी वापरला जातो हे विचारायचा अधिकार देणाऱ्याला आहे, हे नव्याने स्वतंत्र झालेल्या एका गरीब देशाने त्या वेळी जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाकडून लिहून घेतलं. आपल्याकडे याची आठवण फारशी निघत नाही. निघायला हवी.

माकडांच्या किडनीला दुसरा मार्ग तेव्हाच दिसू लागला होता. साल्क लसीच्या चाचणीत मुलांच्या रक्ताचे हजारो नमुने तपासायचे होते. त्यासाठी नॅशनल फाउंडेशनने अलाबामातल्या टस्कीगी इन्स्टिट्यूटमध्ये हेला पेशींचा चक्क कारखाना उभारून दिला. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या गाठीतून १९५१ साली घेतलेल्या या पेशी अखंड वाढत राहतात, त्यामुळे तपासणीपुरती माकडांची गरज उरली नाही. पुढे १९६२ साली फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये लेनर्ड हेफ्लिक यांनी डब्ल्यूआय-३८ नावाच्या मानवी पेशी तयार केल्या. स्वीडनमध्ये झालेल्या एका कायदेशीर गर्भपातातून आलेल्या फुप्फुसाच्या पेशी होत्या त्या. गोठवून वर्षानुवर्षं ठेवता येणाऱ्या, एकदा नीट तपासल्या की पुन्हापुन्हा वापरता येणाऱ्या, आणि माकडाचे कोणतेही विषाणू नसणाऱ्या. हे काम अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने करार करून, सरकारी पैशाने करवून घेतलं होतं. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९६६ मध्ये तशाच एमआरसी-५ पेशी केल्या, त्याही जनतेच्या पैशातून. इथे एक डाग आहे, तो झाकून चालणार नाही. हेन्रिएटा लॅक्सची परवानगी कुणी घेतली नव्हती आणि स्वीडनमधल्या त्या स्त्रीचीही नव्हती. प्राण्याचा जीव वाचवताना माणसाला विचारायचं राहून गेलं. काहींच्या धर्मभावनेला गर्भाच्या पेशींचा वापर आजही पटत नाही आणि तो आक्षेप आदराने ऐकायला हवा. पण त्यातून निघतं ते एवढंच की पर्यायांनाही नीतीचे नियम लागतात, आणि ते नियम घालणं सर्वांत सोपं असतं ते पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेला. संमतीपत्राशिवाय अनुदान नाही, एवढा एक नियम पुरेसा होतो. माकडाकडून संमती घेण्याची सोय मात्र कोणत्याच नियमात नाही.

हेफ्लिक यांच्या पेशी तयार होत्या, तरी अमेरिकेत त्यांवर वाढवलेल्या पोलिओ लसीला परवाना मिळायला १९७२ साल उजाडलं. ही दहा वर्षं का गेली, हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका भाग आहे. नियामकांचं म्हणणं होतं की मानवी पेशींत कर्करोग घडवणारं काहीतरी अज्ञात दडलेलं असू शकतं. भीती अगदीच निराधार नव्हती. पण त्याच काळात माकडाच्या किडनीत काय दडलंय हे अज्ञातही राहिलं नव्हतं. १९६० साली बेन स्वीट आणि मॉरिस हिलमन यांनी ऱ्हीससच्या किडनीत एसव्ही-४० हा विषाणू शोधून काढला होता, आणि तो उंदीरवर्गीय प्राण्यांत गाठी निर्माण करतो हे बर्नीस एडी यांच्या कामातून पुढे आलं होतं. १९५५ ते १९६३ या काळातल्या लसीच्या काही साठ्यांतून तो कोट्यवधी लोकांना टोचला गेला होता. त्याने माणसांत कर्करोग वाढल्याचा ठोस पुरावा पुढच्या पाहण्यांत मिळाला नाही, हे सुदैव. यावर उपाय काय काढला, तर ऱ्हीसस सोडून आफ्रिकेतली हिरवी माकडं आणली. १९६७ साली युगांडातून आलेल्या अशाच माकडांच्या किडन्या काढताना आणि त्या पेशी हाताळताना जर्मनीतल्या मारबुर्ग आणि फ्रँकफर्टमधले आणि बेलग्रेडमधले कर्मचारी एका अनोळखी रक्तस्रावी तापाने आजारी पडले. एकतीस जणांना लागण झाली, सात दगावले. त्या विषाणूला मारबुर्गचंच नाव मिळालं. एकीकडे ठाऊक असलेला धोका आणि दुसरीकडे कल्पनेतला धोका, आणि निवड झाली ठाऊक असलेल्याची, कारण तो सवयीचा होता. नव्या पद्धतीला कसोटी लावायलाच हवी, पण तीच कसोटी जुन्या पद्धतीलाही लावली असती तर माकडाची किडनी तिथे दुसऱ्या दिवशी टिकली नसती. पर्यायी पद्धती अजून पुरेशा सिद्ध नाहीत, हा आक्षेप आजही ऐकू येतो, तेव्हा या दहा वर्षांची आठवण करून द्यावीशी वाटते. जुनी पद्धत कुणी, कधी, कशाच्या आधारावर सिद्ध केली होती?

आता नेदरलँड्समधल्या बिल्टहोवनकडे वळू, कारण काम कसं व्हावं याचा नमुना तिथे आहे. तिथली राष्ट्रीय आरोग्यसंस्था सरकारी होती आणि देशातल्या मुलांसाठी मारलेल्या विषाणूची पोलिओ लस स्वतः बनवत होती. १९६५ च्या सुमाराला तिला वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास माकडं लागत. तिथल्या आंतोन फान वेझेल यांनी प्रश्न अगदी साधा करून मांडला. पेशी सपाट काचेवरच वाढतात, म्हणून बाटल्याच बाटल्या लागतात, पेशी थोड्या मिळतात, आणि म्हणून माकडं फार लागतात. मग सपाट जागाच द्रवात तरंगती केली तर? त्यांनी डेक्स्ट्रानचे, वाळूच्या कणाएवढे बारीक मणी घेतले, ते टाकीतल्या पोषक द्रावणात हलके ढवळत ठेवले, आणि पेशी त्या मण्यांच्या अंगावर चिकटून वाढू लागल्या. चमचाभर मण्यांवर मिळून इतकी जागा तयार होते की कपाटभर बाटल्यांची गरज संपते. १९६७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि तिथेच न थांबता एकेक दुवा पकडत गेले. किडनीचे तुकडे करण्याऐवजी भूल दिलेल्या प्राण्याच्या किडनीतून ट्रिप्सिनचं द्रावण फिरवलं, की कितीतरी अधिक पेशी जिवंत हाती लागतात. एकदा वाढलेल्या पेशी मण्यांवरून सोडवून पुन्हा नव्या मण्यांवर पेरल्या, मग आणखी एकदा, की एकाच प्राण्यापासून तिसऱ्या पिढीपर्यंत पीक घेता येतं. रानातून पकडलेल्या माकडांऐवजी संस्थेतच वाढवलेली, तपासलेली माकडं घेतली की रोगट किडन्या फेकून देण्याची वेळ येत नाही. दहा वर्षांत आकडा पाचशेच्या खाली आला आणि १९८० च्या दशकात शंभराच्याही खाली. लस कमी पडली नाही, उलट तिचा दर्जा अधिक एकसारखा झाला. पुढे फ्रान्समधल्या मेरिअ संस्थेने हेच मणी व्हेरो पेशींसाठी वापरले. १९६२ साली जपानमधल्या चिबा विद्यापीठात हिरव्या माकडाच्या किडनीपासून एकदाच तयार केलेली ही पेशींची ओळ तेव्हापासून आजवर गोठवणपेटीतून काढून वाढवली जाते, लसीच्या नव्या खेपेसाठी नवं माकड मारावं लागत नाही. बिल्टहोवनच्या त्या सरकारी कारखान्याचा वारसा २०१२ साली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकत घेतला. माकडं ज्या देशातून जात होती तिथलीच एक कंपनी माकडांची गरज संपवणाऱ्या त्या टाक्यांची मालक झाली.

याच काळात अमेरिकेत काय चाललं होतं? भारताने निर्यातीची मर्यादा कमी करत आणली होती, आणि १९७७ साली इंटरनॅशनल प्रायमेट प्रोटेक्शन लीग या संघटनेच्या शर्ली मॅकग्रील यांनी उघड केलं की भारतातून नेलेल्या माकडांवर अमेरिकी सैन्याच्या संस्थेत किरणोत्साराचे, अण्वस्त्रांशी संबंधित प्रयोग होत आहेत. १९५५ चा शब्द मोडला गेला होता. मोरारजी देसाई पंतप्रधान होते. पन्नाशीच्या दशकात मुंबई राज्याचा कारभार पाहिलेल्या या माणसाचा निग्रहीपणा महाराष्ट्राने अनुभवला होता आणि त्याबद्दल मराठी माणसाच्या मनात कडवट आठवणीही आहेत. या एका बाबतीत मात्र तो निग्रह कामी आला. १ एप्रिल १९७८ पासून निर्यात पूर्ण बंद झाली आणि ती आजतागायत बंद आहे. बंदीवर टीका करणारे म्हणतात की त्याने काहीच साधलं नाही, भार दुसऱ्या देशांवर गेला. यात तथ्य आहे. अमेरिकेने आधी बांगलादेशाकडे मोर्चा वळवला, तो करार फिसकटला. मग इंडोनेशिया, फिलिपाइन्स, मॉरिशस अशा ठिकाणांहून लांब शेपटीची माकडं येऊ लागली, आणि स्वतःच्या देशात ऱ्हीससची पैदास करण्यासाठी सरकारी पैसा ओतला गेला. पण हा आक्षेप नीट पाहिला तर माझ्याच म्हणण्याला बळ देतो. दार बंद झालं तेव्हा तिजोरीतला पैसा प्रामुख्याने पैदाशीकडे गेला, म्हणून पैदास वाढली. नेदरलँड्समध्ये तो मणी आणि टाक्यांकडे गेला होता, म्हणून तिथे माकडंच लागेनाशी झाली. नुसती बंदी मागणी दुसरीकडे ढकलते. मागणीच कमी करायची तर पर्यायासाठी पैसा काढावा लागतो.

आणखी दोन आक्षेप उरतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की प्राण्यांवरच्या चाचण्यांनी खरोखर जीव वाचवले आहेत. हे मान्यच करायला हवं. १९५५ च्या एप्रिलमध्ये कटर कंपनीच्या लसीत जिवंत विषाणू राहून गेला, दोनशे जणांना पक्षाघात झाला, दहा जण दगावले. आणि त्याआधीच बर्नीस एडी यांच्या प्रयोगशाळेत त्या लसीने माकडं लुळी पडली होती. माकडांनी इशारा दिला होता, तो ऐकला गेला नाही. तेव्हा प्राणी निरुपयोगी आहेत असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण जिवंत विषाणू शिल्लक आहे की नाही हे पाहण्यासाठी पेशींवरच्या चाचण्या पुढे अधिकाधिक संवेदनशील होत गेल्या, आणि तोंडावाटे द्यायच्या लसीची माकडांच्या मज्जारज्जूतली चाचणीही हळूहळू मागे पडत गेली. त्यातही एक जागा घेतली ती विषाणूच्या जनुकातले बदल थेट मोजणाऱ्या तंत्राने, आणि ते निघालं अमेरिकेच्या सरकारी औषध प्रशासनाच्याच प्रयोगशाळेतून. दुसरा आक्षेप कोविडवरच्या कोव्हॅक्सिन लसीचा, की तिलाही माकडं लागलीच. २०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने ही लस वीस ऱ्हीसस माकडांवर तपासली. ती माकडं मिळवताना किती यातायात झाली हे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तेव्हाचे प्रमुख बलराम भार्गव यांनी आपल्या पुस्तकात लिहिलंय. टाळेबंदीत खायला मिळेना म्हणून माकडं रानात खोल गेली होती, महाराष्ट्र वनविभागाच्या मदतीने शोध घेता घेता ती नागपूरजवळ सापडली. साथीचा वणवा पेटलेला असताना संस्थेने जे केलं त्याला मी नावं ठेवणार नाही. हाताशी दुसरी मान्य पद्धत नव्हती. पण कोव्हॅक्सिनचा विषाणू वाढवला गेला तो व्हेरो पेशींत. हीच लस १९५७ साली करायची असती तर वीस माकडांनी भागलं नसतं. लसीच्या कामातून माकड एकेका टप्प्यावर बाहेर पडत आलंय, आणि जो टप्पा शिल्लक राहिला तो आपण आधी पैसा न घातल्यामुळेच शिल्लक आहे. संपूर्ण शरीरात काय घडेल हे एका बाटलीतली पेशी सांगू शकत नाही, हेही खरं. म्हणूनच तर यकृत, फुप्फुस, रक्तवाहिनी यांच्या मानवी पेशी एकमेकांना जोडून काम करणाऱ्या चिपवर पैसा घालायचा, रोगाची साथ येण्याआधी.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत काळाच्या पुढे होता. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या विषयातून १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा झाला, आणि शक्य असेल तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत हे त्यात स्पष्ट लिहिलंय. इंग्लंडमधल्या रसेल आणि बर्च यांचं पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा हे सूत्र मांडणारं पुस्तक त्याच्या आदल्याच वर्षी निघालं होतं. २०१८ च्या इंडियन फार्माकोपियाने सशांवरची ताप येतो का ही चाचणी वगळण्याची वाट करून दिली, औषधचाचणीच्या नियमांतल्या २०२३ च्या दुरुस्तीने नव्या औषधांसाठी प्राण्यांशिवायच्या पद्धतींचे निकाल ग्राह्य धरले, हैदराबादमध्ये सीसीएमबी या सरकारी संशोधन संस्थेच्या छत्राखाली मानवी पेशींवरच्या प्रतिमानांचं केंद्र उभं राहिलं. नियम मोकळे झाले, ही मोठी गोष्ट आहे. पण नियमाने परवानगी मिळते, पद्धत तयार होत नाही. संशोधन परिषदेच्या अनुदानाच्या अर्जात प्राण्यांची संख्या आणि समितीची मान्यता विचारली जाते. त्याच अर्जात पर्यायी पद्धत उभी करायला लागणाऱ्या वेळेचा आणि खर्चाचा वेगळा रकाना असावा, आणि त्या रकान्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम असावी, एवढी माझी मागणी आहे. गरीब देशाला हे परवडेल का, असं विचारलं जातं. प्राणिगृह चालवणंही स्वस्त नसतं. वातानुकूलन, खाद्य, पशुवैद्य, निगराणी यांचा खर्च दर वर्षी होतो, आणि पेशींची तपासलेली ओळ मात्र एकदा उभी केली की पिढ्यानुपिढ्या पुरते.

परवडण्याचाच प्रश्न असेल तर परळला जावं. मुंबईतल्या हाफकिन संस्थेच्या आवारात संशोधन परिषदेची, म्हणजे सरकारी पैशावर चालणारी प्रयोगशाळा आहे, जी वर्षानुवर्षं एन्टेरोव्हायरस रिसर्च सेंटर म्हणून ओळखली जायची. हातपाय अचानक लुळे पडलेल्या मुलांच्या शौचाचे नमुने देशभरातून अशा प्रयोगशाळांत येत. नमुना क्लोरोफॉर्मबरोबर घुसळून, गाळ खाली बसवून, वरचं निवळ द्रावण दोन प्रकारच्या पेशींवर टाकायचं. पहिल्या आरडी, माणसाच्या स्नायूच्या गाठीतून निघालेल्या. दुसऱ्या एल-२० बी, मुळात उंदराच्या पेशी, पण ज्यांत पोलिओच्या विषाणूला चिकटायला लागणारं माणसाचं जनुक बसवलंय, त्यामुळे इतर विषाणू सहसा तिथे वाढत नाहीत आणि पोलिओ चटकन उघडा पडतो. मग रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. काचेवर फरशीसारख्या घट्ट बसलेल्या पेशी गोल होऊन सुटू लागल्या की समजायचं. पोलिओ निर्मूलनाची मोहीम ऐन भरात असताना देशात वर्षाला पन्नास हजारांहून अधिक मुलांचे, प्रत्येकी दोन, म्हणजे लाखावर नमुने अशा पेशींवर तपासले गेले. २००१ पासून मुंबईच्या सांडपाण्याचे नमुनेही त्यात आले. जुन्या पद्धतीने प्रत्येक नमुन्याला एक माकड लागलं असतं तर उत्तर प्रदेशातली, बिहारमधली सगळी माकडं पकडूनही हे काम झालं नसतं, आणि उत्तर येईपर्यंत विषाणू पुढच्या गावात पोचला असता. १३ जानेवारी २०११ ला हावडा जिल्ह्यातल्या एका मुलीला लकवा झाला. देशातला रानटी पोलिओचा तो शेवटचा रुग्ण. त्यानंतरही तीन वर्षं नमुने येत राहिले, आरडी आणि एल-२० बी च्या नळ्या रोज उघडून पाहिल्या गेल्या, आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.